एन्लार्जरचे वय

एन्लार्जर म्हणजे खाली तोंड करून खांबाला टांगलेला प्रोजेक्टर. वरच्या डोक्यात दुधी बल्ब, त्याखाली प्रकाश गोळा करणारी कंडेन्सरची जाड भिंगे, मग निगेटिव्ह धरणारी चौकट, भाता आणि शेवटी लेन्स. पायथ्याशी लाकडी पाट असतो. त्यावर ब्रोमाइड कागद ठेवला की वरची प्रतिमा मोठी होऊन कागदावर पडते. यातला प्रत्येक भाग सुटा होतो, सुटा विकत मिळत असे आणि बिघडतोही सुटाच. म्हणून चाळीस वर्षे स्टुडिओत राबलेल्या एन्लार्जरला एकच जन्मसाल चिकटवणे फसवे ठरते. डोके १९५५चे, लेन्स १९७०ची, वायर १९८८ची आणि पाट गल्लीतल्या सुताराने केलेला, असे यंत्र हाती आले तर त्यात नवल काही नाही. स्टुडिओवाला यंत्र बदलत नसे, दुरुस्त करत असे.

बदलापूर पूर्वेच्या कात्रपसारख्या वस्तीत अशा वस्तू माळ्यावरून खाली येतात. मुंबईतली चाळीतली खोली सोडून कल्याणच्या पुढे राहायला आलेल्या घरांनी भांडीकुंडी आणि देव्हारा आणला, तशी एखाद्याने बंद पडलेल्या स्टुडिओची पेटीही आणलेली असते. कॅमेरा असेल तर तो शोकेसमध्ये जातो. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या हजारो कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात आहे. एन्लार्जरच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. तो जड, अडगळीचा, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर अॅल्युमिनियमच्या भावाने जाणारा. त्यामुळे चांगली डार्करूम-यंत्रे आज चांगल्या कॅमेऱ्यांपेक्षा दुर्मीळ होत चालली आहेत, आणि त्यांच्याविषयीची माहिती त्याहून.

काळ ठरवण्याची रीत शेतजमिनीच्या मोजणीसारखी आहे: आधी हद्दी पक्क्या करायच्या. यंत्रावरची प्रत्येक खूण दोनपैकी एक गोष्ट सांगते, हा भाग अमुक सालाच्या आधीचा नाही किंवा अमुक सालानंतरचा नाही. पेटंटचा क्रमांक पहिल्या जातीचा. त्यावरून यंत्र कधी बनले ते कळत नाही. पेटंटच्या आधी बनले नाही, एवढेच कळते. बदललेल्या भागांवरच्या खुणा वेगळ्या काढल्या की मूळ सांगाड्याच्या खुणा उरतात, आणि त्यांच्या दोन हद्दींमधली पट्टी अरुंद होत जाते.

एन्लार्जरच्या आधीची डार्करूम फार कमी सामानाची होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे या नव्या विद्येत रमली. तो ओल्या काचेचा काळ. कलोडियनचा थर ओला असतानाच काच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे, म्हणून देऊळ किंवा लेणे टिपायला निघालेल्या छायाचित्रकाराला अंधाराचा तंबूही सोबत न्यावा लागे. त्या तंबूतल्या बाटल्या आणि काचेची उभी भांडी आता सापडली तर ती संग्रहालयाचीच. १८८०च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात रुळल्या आणि डार्करूम एका जागी स्थिरावली.

या टप्प्यावरची ओळखीची वस्तू म्हणजे कॉन्टॅक्ट फ्रेम: सागवानी किंवा महॉगनी चौकट, पुढे काच, मागे बिजागरीचे दोन तुकड्यांचे झाकण आणि त्यावर पितळी स्प्रिंगच्या पट्ट्या. निगेटिव्ह आणि कागद पोटाशी पोट लावून ठेवायचे आणि उजेडात धरायचे. झाकण दोन तुकड्यांचे का, तर अर्धे उघडून छाप कितपत चढला ते पाहता यावे म्हणून. चौकटीचे माप काळ सांगत नाही, कारण फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा आणि क्वार्टर म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार ही मापे काचा गेल्यानंतरही टिकली. गावोगावच्या स्टुडिओच्या पाट्यांवर ‘कॅबिनेट’ हा शब्द तर मूळ कॅबिनेट कार्डाची चाल संपून कित्येक वर्षे झाली तरी होता. काळ कळतो तो लाकडाच्या सांध्यावरून आणि पितळेवरून. एकात एक गुंफलेले करवती सांधे आणि घडीव पितळ म्हणजे जुनी चौकट. खिळ्यांनी जोडलेली, पत्र्याच्या पट्टीची चौकट बरीच नंतरची.

याच टप्प्यावर छायाचित्रण आणि चलच्चित्र यांच्या वाटा एकमेकींना भेटतात. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, लोणावळ्याच्या रविवर्मा प्रेसमध्ये राबले आणि १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडणारे यंत्रही घेऊन आले. तेव्हा फिल्म भोकांशिवाय मिळे आणि भोके पाडणे हे डार्करूमचेच काम होते. एखाद्या जुन्या पेटीत दातेरी चाकांचे, हाताने फिरवायचे, लेन्स नसलेले लहान यंत्र निघाले तर त्याला शिलाईचे यंत्र समजून बाजूला टाकण्याआधी दात मोजावेत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीला चार भोके असतात.

एन्लार्जर आधी आडवा होता. लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत तेलाचा, गॅसचा किंवा अॅसिटिलीनचा दिवा आणि समोरच्या भिंतीवर टाचलेला कागद. वर धुराडे आणि आत दिव्याची जागा असलेला आडवा एन्लार्जर पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा समजावा. अशा पेटीत नंतर बल्बचा होल्डर बसवलेला असतो. तो काढून पाहिला की खाली काजळीचा डाग सापडतो. उभा एन्लार्जर १९२०च्या दशकात पसरला. त्याला खरी निकड दिली ती १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने. टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी निगेटिव्ह कॉन्टॅक्टने छापून कोणाला काय दिसणार? मोठी करणे भागच पडले.

लायका बनवणाऱ्या लाइट्झनेच फोकोमॅट काढला. त्याचा हात वर-खाली केला की फोकस आपोआप जुळतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पहिला फोकोमॅट १९३०च्या दशकातला, ‘१ सी’ हा १९५०नंतर दीर्घकाळ चाललेला, आणि व्ही ३५ हा १९७०च्या दशकाच्या अखेरीचा. इटलीतल्या ब्रिक्सन गावी ड्युर्स्ट बंधूंनी १९३६ साली कंपनी काढली. त्यांची एम मालिका पुढे जगभरच्या स्टुडिओंत दिसू लागली. चेकोस्लोव्हाकियाच्या मेओप्टाची कथा तारखेच्या दृष्टीने सगळ्यांत सोयीची आहे. १९३३ साली ही कंपनी ऑप्टिकोटेक्ना नावाने सुरू झाली आणि १९४६ साली सरकारी होऊन मेओप्टा झाली. म्हणजे ऑप्टिकोटेक्नाची पाटी असलेला ओपेमस एन्लार्जर १९४६च्या आधीचा, आणि ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेला मेओप्टा १ जानेवारी १९९३ला तो देश दुभंगण्याच्या आधीचा.

पूर्व युरोपचा माल महाराष्ट्रात दिसतो याला कारण आहे. १९५७च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवान्यांत अडकली. सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातल्या देशांशी मात्र रुपयांत व्यवहार होत होता. त्यामुळे मेओप्टा, पोलंडचा क्रोकस आणि सुटकेसमध्ये मावणारा सोव्हिएत उपा ही नावे नवशिक्यांच्या परिचयाची झाली. सोव्हिएत यंत्राबरोबर येणारी छोटी पुस्तिका टाकून देऊ नये; तीत कारखान्याने तपासणीची तारीख शिक्क्याने मारलेली असते. पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह असेल तर यंत्र १९६७च्या आधीचे नाही.

पाटी पडून गेली असेल तर रंग बोलतो. सुरकुतलेला काळा एनॅमल १९३० आणि ४०च्या दशकांचा, हातोडीच्या ठोक्यांसारखा दिसणारा करडा ‘हॅमर फिनिश’ १९५० आणि ६०चा, आणि काळे प्लॅस्टिक १९७०नंतरचे. ही ढोबळ फूटपट्टी आहे, पण ती क्वचितच दगा देते. स्क्रूही पाहावेत. अधिक चिन्हाची खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूचे पेटंट १९३६चे आहे. १९२०च्या दशकातल्या यंत्रावर असा स्क्रू दिसला की तिथे कोणाचा तरी हात लागलेला आहे. निगेटिव्हची चौकट तर स्वतंत्र साक्षीदार आहे. तिच्याबरोबर १२६ फिल्मचा साचा असेल तर तो १९६३ किंवा नंतरचा, ११० फिल्मचा नखाएवढा साचा असेल तर १९७२ किंवा नंतरचा. सहा बाय सहा सेंटिमीटरचा साचा काळाबद्दल काही सांगत नाही, कारण १२० फिल्म १९०१पासून आहे. मात्र तो झिजून गुळगुळीत झालेला असेल तर या स्टुडिओत १२० फिल्मच्या अग्फा क्लिक-३ कॅमेरावाल्यांची गर्दी होती, एवढे मानायला हरकत नाही.

लेन्स बहुधा मूळ नसते. बहुतेक लेन्स ३९ मिलिमीटरच्या एकाच आट्याच्या असल्याने कोणाचीही लेन्स कोणाच्याही यंत्रावर बसते. ती काढून ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. काचेवरचे प्रतिबिंब पांढरेच दिसले तर लेन्सवर लेप नाही. प्रतिबिंब निळसर-जांभळे दिसले तर लेप आहे. लेपाची कृती झाइस या जर्मन कंपनीत १९३५ साली सापडली, पण नागरी बाजारात लेपाच्या लेन्स सर्रास आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. दुसरी खूण छिद्राच्या आकड्यांची. ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी जुनी युरोपीय मालिका असेल तर लेन्स जुनी, ४.५, ५.६, ८, ११, १६ ही आजची मालिका. श्नायडरच्या लेन्सवरचा क्रमांक एक कोटीच्या आसपास असेल तर ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली.

जर्मन मालावरची अक्षरे राजकारणाबरोबर बदलत गेली. ‘डीआरपी’ हे राइशच्या पेटंटाचे चिन्ह १९४५पर्यंतच्या काळाचे, ‘डीबीपी’ हे पश्चिम जर्मनीचे त्यानंतरचे. ‘यूएस झोन’ असेल तर १९४५ ते १९४९ची चार वर्षे हातात सापडली. जपानी वस्तूवरचे ‘ऑक्युपाइड जपान’ १९५२ला संपते. अग्फा आणि गेव्हर्ट १९६४ साली एकत्र आल्या. त्याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या अग्फाचे नाव ऑर्वो झाले. कागदाच्या रिकाम्या खोक्यावरची नुसती ‘गेव्हर्ट’ अक्षरे म्हणून महत्त्वाची.

परदेशी याद्यांत न सापडणारी आणि इथल्या संग्राहकाला सर्वांत उपयोगी पडणारी खूण म्हणजे मुंबईच्या दुकानदाराची चिकटवलेली पट्टी. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्ता आणि बोरा बाजार ही फोटोच्या सामानाची पेठ. तिथून निघालेल्या प्रत्येक पेटीवर नाव-पत्ता असे. पत्त्यात ‘हॉर्नबी रोड’ असेल तर तो रस्त्याला दादाभाईंचे नाव मिळण्याआधीचा छापील माल. ‘बॉम्बे-१’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा १९७२च्या आधीचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला आणि ‘४०० ००१’ सुरू झाले. कल्याणच्या पुढच्या दुकानांचे पिन ४२१ने सुरू होतात: उल्हासनगर ४२१ ००१पासून पुढे, अंबरनाथ ४२१ ५०१, बदलापूर ४२१ ५०३. ‘मुंबई’ हे नाव इंग्रजी पत्त्यात आले ते १९९५नंतर. जुना छापील साठा संपेपर्यंत वापरण्याची दुकानदारांची सवय लक्षात घेऊन या प्रत्येक तारखेला पुढे दोन-तीन वर्षांची सूट द्यावी.

किंमत याहून काटेकोर. आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचा काळ. ‘न.पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १ जून १९६४ एवढीच सात वर्षे. ‘सर्व करांसह कमाल किंमत’ १९९०नंतरची. कोडॅकच्या मालावर ‘इंडिया फोटोग्राफिक कंपनी’ हे नाव दिसले की तो १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतरचा, कारण त्या कायद्यानंतर कोडॅकच्या इथल्या शाखेला हे नवे नाव मिळाले. ‘इंदू’ ब्रोमाइडचे खोके उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. कंपनी १९६०ची, उत्पादन १९६७पासूनचे. आयएसआयचा शिक्का मारण्याचा कायदा १९५२ साली झाला, पण तो शिक्का अजून चालू असल्याने त्याची एकच हद्द मिळते. खणाच्या तळाशी पसरलेला वर्तमानपत्राचा कागद तर आयती तारीख देतो. मात्र ती खण शेवटचा साफ केल्याची तारीख असते, पेटी बनल्याची नव्हे. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ला सुरू झाला; पण त्याचे पान अंथरलेली पेटी १९३०ची असू शकते.

उल्हासनगरचा विषय आला की ‘मेड इन यूएसए’चा विनोद निघतोच: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. १९४७नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या निर्वासितांनी उभारलेल्या या गावाला १९४९ साली उल्हासनगर नाव मिळाले, आणि कुठलीही वस्तू पाहून तशीच बनवण्याची त्याची ख्याती तेव्हापासूनची. विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे, कारण टंचाईच्या दशकांत देशी कारागिरांनी परदेशी एन्लार्जरच्या नकला जागोजाग ओतल्या. नक्कल ओळखायची ती पाटीवरून नव्हे, ओतकामावरून. डोक्याच्या आतल्या बाजूला वाळूच्या साच्याची खरखर, कंगोऱ्यांवर कानसीच्या खुणा, आणि एकाच यंत्रात ब्रिटिश व मेट्रिक अशा दोन्ही आट्यांचे स्क्रू. युरोपीय कारखान्यात अशी मिसळ होत नाही. अशा यंत्राला बनावट म्हणून हिणवणे चुकीचे आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, तो इतिहासात मानाने नोंदला जातो. गल्लीतल्या लेथवर घडलेल्या एन्लार्जरची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. संग्रहाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा, कारण फोकोमॅट जगात हजारो आहेत.

वायर आणि प्लग दुरुस्तीचा इतिहास सांगतात. कापडी वेष्टणाची रबरी वायर पन्नाशी-साठीच्या दशकांपर्यंतची, गुळगुळीत पीव्हीसी त्यानंतरची. अँकरचा प्लग असेल तर तो भाग १९६३च्या आधीचा नाही, कारण कंपनीच त्या वर्षीची.

लहान सामानात बेकेलाइटची जागा मोठी आहे, आणि त्यामागे एक मजेदार योगायोग आहे. लिओ बेकलंडने आधी वेलॉक्स नावाचा कागद शोधला, जो गॅसच्या मंद उजेडातही हाताळता येई. तो कोडॅकच्या ईस्टमनला १८९९ साली विकून आलेल्या पैशावर त्याने प्रयोगशाळा थाटली आणि १९०७ साली बेकेलाइट बनवले. पुढे डार्करूममधल्या टाक्या, ट्रे, बल्बचे होल्डर याच पदार्थाचे झाले. बेकेलाइट ओळखायला अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा. कार्बोलिकचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची युक्ती काही जण सांगतात, तिने वस्तू कायमची डागाळते. ट्रेंचा क्रम असा: चिनी माती, काच आणि एनॅमल आधी, मग १९३०पासून बेकेलाइट, १९५०नंतर रंगीत प्लॅस्टिक. स्टुडिओत हे सगळे एकाच मोरीत एकत्र नांदत, म्हणून ट्रेवरून डार्करूमचा काळ काढू नये.

सेफलाइटचा रंग मात्र रसायनाने ठरलेला. जुन्या काचा आणि ऑर्थो फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, म्हणून माणकासारख्या लाल काचेचे दिवे. वातीचा पत्र्याचा लाल कंदील १८८० ते १९२०च्या दरम्यानचा. १९३०च्या दशकात सगळे रंग ओळखणारी पॅन फिल्म रुळली, तिला लाल उजेडही चालेना. म्हणून झाकणाच्या टाक्या आल्या आणि दिवा फक्त कागद छापण्यापुरता उरला. फिल्टरवर ‘रॅटन’ हे नाव कोडॅकच्या नावासह असेल तर १९१२नंतरचे, कारण त्या वर्षी कोडॅकने रॅटन अँड वेनराइट ही क्रॉयडनची कंपनी घेतली. चकचकीत क्रोम पत्र्याचा ग्लेझर साध्या कागदाला चमक आणण्यासाठी असे. १९७०च्या दशकात प्लॅस्टिकचा थर दिलेला आरसी कागद आला आणि ग्लेझर निकामी झाला. स्टुडिओतून तो सर्वांत आधी बाहेर पडला, म्हणून आज सर्वांत कमी दिसतो.

बदलापूरच्या हवेत या वस्तूंची अवस्था पाहून किंमत ठरवावी लागते. चार महिन्यांच्या पावसात लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते, आणि भात्याच्या कापडातली खळ झुरळे खातात. उल्हास नदी गावाच्या पश्चिम अंगाने वाहते. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९च्या पुरांत त्या बाजूच्या तळमजल्यांत पाणी शिरले. खांबाच्या एका विशिष्ट उंचीपर्यंतच सरळ रेघेत गंज असेल आणि फटींत बारीक गाळ असेल तर यंत्र पाण्यात उभे होते, असे समजावे. अशा यंत्राचे कंडेन्सर सुटे करून साफ होतात, पाट मात्र फुगलेलाच राहतो. पूर्वेकडच्या कात्रपात उंच माळ्यावर ठेवलेल्या यंत्राचा शत्रू पूर नसून पत्र्याच्या छताखालची उन्हाळ्याची धग असते. तिने भिंगे एकमेकांना चिकटवणारा गोंद पिवळा पडतो आणि कडेला इंद्रधनुषी वलये उठतात. नवा रंग मात्र कोणत्याही यंत्राला देऊ नये. पाटी, शिक्का आणि मूळ रंग गेला की वर सांगितलेल्या निम्म्या खुणा पुसल्या जातात.

काही वस्तू हाताळण्याआधी थांबणे बरे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या टायमरच्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली म्हणजे रेडियम गेले असे नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे आणि थकतो तो फक्त चमकणारा पदार्थ. असा टायमर उघडू नये, घासू नये. दिव्याच्या डोक्यातली पांढरी तंतुमय पट्टी अॅस्बेस्टॉसची असू शकते, ती कोरडी खरवडू नये. पेटीत उरलेल्या बाटल्यांत हायपो निरुपद्रवी, पण निगेटिव्ह गडद करण्यासाठी वापरलेला मर्क्युरिक क्लोराइड आणि ओल्या काचेच्या काळातले पोटॅशियम सायनाइड जीवघेणे आहेत. लेबल नसलेली बाटली उघडून वास घेण्याची नसते, आणि मोरीत ओतण्याची तर नसतेच.